‘युवर्स ओबीडियंटली’: कुणाचे आज्ञाधारक?

सहा दिवस दाढ दुखते आहे, आणि तरीही एक मुलगी दातांच्या डॉक्टरला मेसेज पाठवत नाही. का, तर मेसेजातली इंग्रजी बरोबर आहे की नाही याची तिला खात्री नाही. एवढ्याशा गोष्टीवर लेख काय लिहायचा, असे आमचे काही मित्र म्हणतील. पण गेले तीन आठवडे आम्ही अभ्यासिकेत याच गोष्टीवर आपसात भांडतो आहोत, आणि आता ते भांडण चार भिंतींच्या आत ठेवण्यात अर्थ नाही असे आम्हाला वाटते.

मुलगी परभणी जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेची शाळा, पुढे मराठी माध्यमाचे हायस्कूल, पदवी छत्रपती संभाजीनगरला आणि आता सरकारी परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडातल्या एका विद्यापीठात एम.ए. चार वर्षे आमच्या अभ्यासिकेत बसलेली. जाडजूड इंग्रजी पुस्तके ती सहज वाचते, त्यांवर मराठीत तासभर बोलते. पण इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की तिचा हात अडतो. तिने डॉक्टरला पाठवायचा मेसेज आधी आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘कुणीतरी करेक्ट करून द्या, मग पाठवते.’ तिच्या परवानगीने तो इथे जसाच्या तसा देतो.

‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू से दॅट आय ॲम पूअर स्टुडंट फ्रॉम इंडिया. माय टूथ इज पेनिंग सिन्स सिक्स डेज इन लेफ्ट डाउन साइड. आय वॉन्ट टू टेक अपॉइंटमेंट. आय हॅव लेक्चर इन मॉर्निंग सो काइंडली ॲडजस्ट मी. सॉरी फॉर माय बॅड इंग्लिश. काइंडली डू द नीडफुल. युवर्स ओबीडियंटली.’

ग्रुपवर तीन प्रकारची उत्तरे आली.

पहिले उत्तर हसण्याचे. ‘ॲडजस्ट मी’ या दोन शब्दांचा स्क्रीनशॉट काढून एका पठ्ठ्याने हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लावली. तो वाईट मुलगा नाही. मोर्चात पुढे असतो, रक्तदानात पुढे असतो. पण इंग्रजीतली चूक दिसली की हसायचे, हे तो कॉलेजात शिकला, आणि शिकला तेव्हा हसणारे दुसरे होते व ज्याला हसले जात होते तो हा स्वतःच होता.

दुसरे उत्तर तत्त्वज्ञानाचे. ‘काहीही करेक्ट करू नकोस, जशी आहे तशी पाठव. शुद्ध इंग्रजी हा साहेबाचा माज आहे. शुद्ध मराठीचा पुण्याचा माज आपण झुगारला, आता हाही झुगारू.’ ऐकायला फार छान. फक्त हे लिहिणाऱ्या आमच्या मित्राची स्वतःची इंग्रजी निर्दोष आहे आणि त्याची दोन्ही मुले कॉन्व्हेंटात जातात.

तिसरे उत्तर आमचे. हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही तो मेसेज घेतला आणि अर्ध्या तासात त्याचे झकास पत्र करून दिले. ‘आय वुड बी एक्स्ट्रीमली ग्रेटफुल इफ यू कुड काइंडली कन्सिडर’ वगैरे. बारा ओळींचे. व्याकरणाची एक चूक नाही. वर ‘बघ, असं लिहायचं असतं’ अशी प्रेमळ सूचनाही.

तिने तिघांचेही आभार मानले आणि मेसेज पाठवलाच नाही. आणखी चार दिवस गेले. आमचे पत्र तिला आपले वाटेना. डॉक्टरने त्यावर उलट प्रश्न विचारला तर त्याच थाटात उत्तर कुठून आणायचे? स्वतःचा मेसेज पाठवायची तर आता लाज वाटू लागली. दहाव्या दिवशी आमच्यातल्या एका ताईने, ज्या स्वतः नर्स आहेत आणि ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत, तिला सरळ फोन लावला. ताईंनी इंग्रजीचा विषयच काढला नाही. विचारले, ‘सूज आहे का गं? तोंड पूर्ण उघडतं का? ताप?’

हिरडी सुजलेली होती. तोंड उघडायला त्रास होत होता. आणि लहानपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या (अंगावरच्या, राजकारणातल्या नव्हेत), तेव्हापासून ते औषध घ्यायचे नाही असे घरात सगळ्यांना माहीत होते. यातले एक अक्षरही तिच्या मेसेजात नव्हते. का नव्हते? कारण हिरडीला इंग्रजीत ‘गम’ म्हणतात हे तिला ठाऊक होते, पण गम म्हणजे डिंकही, मग लोक हसतील की काय अशी शंका आली. ‘स्वोलन’ की ‘स्वेलिंग’ ते नक्की ठरेना. पेनिसिलिनचे स्पेलिंग येईना. म्हणून तिने ते सगळे गाळले आणि ज्या वाक्यांची शाळेपासून खात्री होती तेवढी ठेवली. म्हणजे ‘रिस्पेक्टेड सर’ ठेवले आणि सूज गाळली.

मित्रहो, आमचा मुद्दा इथे आहे. आम्ही तिघांनी तिने लिहिलेल्या शब्दांतल्या चुका पाहिल्या. एक हसला, एकाने त्या डोक्यावर घेतल्या, एकाने पुसून टाकल्या. तिने चुकेल या भीतीने जे लिहिलेच नाही, ते तिघांपैकी एकालाही दिसले नाही. लाल पेनाला कागदावरची चूक दिसते, गाळलेली गोष्ट दिसत नाही. आणि डॉक्टरला हवी असते नेमकी ती गाळलेली गोष्ट. हिरडीच्या संसर्गाला सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातले औषध आहे. ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ केल्याने तिचा जीव वाचणार नव्हता. स्पेलिंग चुकवून का होईना, पेनिसिलिन हा शब्द लिहिल्याने वाचू शकला असता. डॉक्टर खुर्चीत बसल्यावर विचारतात हे खरे, पण खुर्चीपर्यंत पोचायचेच दहा दिवस लागले त्याचे काय?

आता कुणी म्हणेल, असा संकोच कुणालाही होतो, यात जातीचे काय? होतो, मान्य. पण सदाशिव पेठेतल्या मुलाची इंग्रजी चुकली तर तो ‘मराठी माध्यमातला असूनही किती पुढे गेला’ म्हणून कौतुकाचा होतो. आमच्या मुलीची इंग्रजी चुकली तर ती ‘कोट्यातली’ ठरते. एका ‘पेनिंग’ वरून तिची शिष्यवृत्ती, तिची पदवी, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्यांची गुणवत्ता तपासायला घेतली जाते. हे तिला बारावीपासून ठाऊक आहे. म्हणून ती साधा मेसेजही परीक्षेच्या पेपरासारखा लिहिते. अशा मुलीसमोर आपणही लाल पेन घेऊन बसलो, तर बाहेरच्यांत आणि आपल्यांत फरक काय राहिला?

पण म्हणून दुसऱ्या मित्राचे ‘करेक्टच करू नका’ हेही आम्हाला मान्य नाही. चूक सांगायचीच नाही, हा आदर नव्हे. ‘तुला एवढेच जमणार’ असे गोड शब्दांत सांगणे आहे ते. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माऊली म्हटले, ते अर्धवट शिकण्यासाठी नव्हे. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढले आणि सरकारपुढची निवेदने इंग्रजीत लिहिली. वाचणारा कोण हे पाहून त्यांनी भाषा निवडली, आणि निवडलेल्या भाषेत कसर ठेवली नाही. दुरुस्ती हा अपमान असता तर राज्यघटना लिहून झालीच नसती. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. आणि ५ डिसेंबर १९५६ च्या अखेरच्या रात्रीसुद्धा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ची प्रस्तावना हात फिरवण्यासाठी जवळ मागून घेतली होती. लिहिलेले दुरुस्त करायचे असते हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. प्रश्न आहे काय दुरुस्त करायचे, आधी काय, आणि कुणाच्या बाजूने बसून.

आमच्या मते सगळ्यांत आधी दुरुस्त करायला हवे होते ते ‘बेग’, ‘पूअर’ आणि ‘ओबीडियंटली’. गंमत पाहा, व्याकरणाच्या दृष्टीने ही वाक्ये जवळजवळ बिनचूक आहेत! शाळेत सर्वांत घोटून घेतलेली इंग्रजी हीच. रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, फीमाफीचा अर्ज. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ या मराठी अर्जाचे ते इंग्रजी भाषांतर, आणि दोन्हींच्या मागे उभा आहे कमरेत वाकलेला माणूस. आपल्या आज्या-पणज्यांना पाटलाच्या वाड्यासमोर ‘जोहार’ घालावा लागे. तो जोहार आपण टाकला, त्या जागी ‘जयभीम’ आणला आणि ताठ उभे राहिलो. मग इंग्रजीत शिरताना दारातच पुन्हा जोहार का घालायचा? ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग’ हा इंग्रजी वेशातला जोहारच आहे. तो कुणी लाल पेनाने खोडत नाही, कारण तो बिनचूक आहे. आम्हीही खोडला नाही. उलट त्याला अधिक उंची वस्त्रे घालून ‘एक्स्ट्रीमली ग्रेटफुल’ केले.

आणि भीक कसली मागायची होती? व्हिसाबरोबर तिने तिथला आरोग्य अधिभार भरलेला आहे. विद्यार्थ्याला तो वर्षाला ७७६ पौंड पडतो आणि अर्जाच्या वेळीच सगळ्या मुदतीचा एकदम भरावा लागतो. त्यामुळे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, उपचार घेणे हा तिचा हक्क आहे. दातांचे मात्र वेगळे आहे, आणि परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे निघण्याआधीच ध्यानात ठेवावे. अधिभार भरला तरी इंग्लंडात दातांच्या उपचाराचे पैसे वेगळे लागतात. उपचारांचे तीन गट आहेत. तपासणी सगळ्यांत स्वस्त गटात, दात भरणे, काढणे आणि रूट कॅनाल मधल्यात, आणि कॅप किंवा कवळी सगळ्यांत महागात. शिवाय एनएचएसचे रुग्ण घेणारा दंतवैद्य सापडणे अलीकडे फार कठीण झाले आहे. म्हणून मेसेजात विचारायचे ते हे: तुम्ही एनएचएसचे नवे रुग्ण घेता का, आणि तपासणीचे किती? ‘पूअर स्टुडंट’ असे लिहिल्याने यातले काहीच कळत नाही. ‘सॉरी फॉर माय बॅड इंग्लिश’ तर पुसूनच टाकायचे. काउंटरवर बसलेल्या बाईला दुखणे कुठे, किती दिवस आणि तुम्ही कधी येऊ शकता एवढेच हवे आहे. तिने तुमची परीक्षा घेतलेली नाही, तुम्ही आपणहून नापास का होता?

नम्रता मात्र सोडायची नाही. नम्रता वेगळी, लाचारी वेगळी, आणि हा फरक मराठीत आपल्याला उत्तम कळतो. ताईंनी फोनवर तिला विचारले, ‘आपल्या गावच्या डॉक्टरला तू मराठीत काय म्हणाली असतीस?’ ती म्हणाली, ‘डॉक्टर, खालची डावी दाढ सहा दिवसांपासून ठणकतेय, हिरडी सुजलीय, या आठवड्यात वेळ मिळेल का?’ घ्या! यात जोहार नाही, माज नाही, एक शब्द जास्तीचा नाही. ‘वेळ पाहिजे’ असे न म्हणता ‘वेळ मिळेल का’ असे ती सहज म्हणाली. इंग्रजीत ‘आय वॉन्ट’ आणि ‘कुड आय हॅव’ यांत जो फरक आहे तो हाच. तो तिला नव्याने शिकायचा नव्हता, तिच्याकडे आधीच होता. तिने डॉक्टरशी बोलायची मराठी बाजूला ठेवली आणि शाळेतल्या अर्जाची भाषा उचलली, तिथे घोटाळा झाला.

तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने आधी हे विचारावे, मराठीत काय म्हणाली असतीस? मग चूक कुठून आली तेही दिसते, आणि ती मूर्खपणातून आलेली नसते हेही दिसते. ‘सिन्स सिक्स डेज’ घ्या. मराठीत ‘सोमवारपासून’ म्हणतात आणि ‘सहा दिवसांपासून’ही म्हणतात. ‘पासून’ एकच. इंग्रजीने त्याचे दोन तुकडे केले. सुरुवात कधी झाली ते सांगायचे तर ‘सिन्स मंडे’, किती काळ चालले ते सांगायचे तर ‘फॉर सिक्स डेज’. एवढे सांगितले की संपले, त्यात लाजण्यासारखे काय आहे? ‘टेक अपॉइंटमेंट’ हे ‘वेळ घेणे’चे भाषांतर. इंग्रजीत वेळ ‘मेक’ किंवा ‘बुक’ करतात. ‘पेनिंग’ आपल्याकडे मुंबईपासून मद्रासपर्यंत सगळ्या डॉक्टरांना कळते, इंग्लंडातही अर्थ लागेल, पण तिथे ‘हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव अ टूथेक’ म्हणतात. ‘परवा’चे मात्र जपून. आपला परवा मागेही जातो आणि पुढेही. म्हणून वेळेबाबत लिहिताना वार आणि तारीख दोन्ही लिहावे. ‘अ’ आणि ‘द’ सुटले तर सुटू द्यावेत. मराठीत ते नाहीत, यायला वर्षे लागतात, आणि त्यांच्यावाचून कुणाची दाढ अडत नाही.

दुखण्याचे शब्द मात्र द्यावेत, भरपूर द्यावेत. आमच्या आयाबायांकडे दातांच्या दुखण्याला किती शब्द आहेत! ठणकते, कळ मारते, आंबट खाल्ले की दात आंबतात, गार पाणी लागले की सळसळतात, नुसते जडजड वाटते. डॉक्टरच्या दृष्टीने हे सगळे वेगळे आहे. फक्त गार लागल्यावर क्षणभर दुखणारा दात आणि रात्री झोपू न देणारा ठणका यांना एकच औषध नाही. आणि आपण इंग्रजीच्या वर्गात मुलीला या सगळ्यासाठी एकच शब्द दिला, ‘पेन’. ठणक्याला ‘थ्रॉबिंग’, कळ मारण्याला ‘शार्प’, गार सहन न होण्याला ‘सेन्सिटिव्ह टु कोल्ड’, चावताना दुखते त्याला ‘इट हर्ट्स व्हेन आय बाइट’. हे चार शब्द फळ्यावर लिहायला पाच मिनिटे लागतात. ‘ओबीडियंटली’चे स्पेलिंग घोकायला आम्हाला आठवीचे अर्धे वर्ष लागले होते. तसेच आपली ‘शुगर’. ‘आय ॲम हॅविंग शुगर’ लिहिले तर चहात साखर घालतो असाही अर्थ निघेल. ‘आय हॅव डायबिटीस’ लिहावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, तर ते पहिल्या मेसेजात जावे, मग स्पेलिंगचे काहीही होवो.

त्या रात्री फोनवर ताई आणि ती, दोघींनी मिळून जो मेसेज केला तो असा. शब्द तिचे आहेत. ताईंनी प्रश्न विचारले आणि चार ठिकाणी दुरुस्ती केली.

‘हॅलो. आय हॅव हॅड अ थ्रॉबिंग टूथेक फॉर टेन डेज. इट इज अ बॅक टूथ, लोअर लेफ्ट. द गम इज स्वोलन अँड आय कान्ट ओपन माय माउथ फुली. आय ॲम अलर्जिक टु पेनिसिलिन. आय ॲम अ न्यू पेशंट. डू यू टेक एनएचएस पेशंट्स, अँड हाउ मच इज द चेक-अप? कुड आय कम धिस वीक, प्लीज? आय हॅव लेक्चर्स ऑन मंडे अँड ट्यूजडे. थँक यू.’

आमच्या बारा ओळींच्या पत्राशेजारी हा मेसेज ठेवला तेव्हा आम्हाला आमचीच शरम वाटली. आमच्या पत्रात दुखणाऱ्या दाढेबद्दल एक वाक्य होते आणि आमच्या इंग्रजीबद्दल अकरा.

ताईंनी तिला आणखी एक गोष्ट बजावली, तीही इथे नोंदवतो. क्लिनिकमधून उत्तर नाही आले तर इंग्लंडात १११ हा नंबर लावायचा. तातडीच्या दंतोपचारासाठी कुठे जायचे ते तिथे सांगतात. आणि सूज वाढून श्वास घ्यायला, गिळायला किंवा बोलायला त्रास होऊ लागला, तर मेसेजच्या भानगडीत न पडता सरळ हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जायचे. तिथे तोंड दाखवले की पुरते, व्याकरण लागत नाही.

मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, तासाभरात उत्तर आले, आणि नवा गोंधळ झाला. उत्तर होते, गुरुवारी ‘हाफ टेन’ला ‘सर्जरी’त या. ‘सर्जरी’ वाचून तिचे हातपाय गार पडले. तपासायच्या आधीच ऑपरेशन? तिकडे दवाखान्यालाच ‘सर्जरी’ म्हणतात, हे आम्हा तिघा विद्वानांपैकी एकालाही माहीत नव्हते. ‘हाफ टेन’ म्हणजे साडेनऊ की साडेदहा यावरही ग्रुपवर वीस मेसेज झाले (साडेदहा!). शेवटी तिनेच क्लिनिकला विचारले, ‘डू यू मीन टेन थर्टी? इज इट ओन्ली चेक-अप?’ उत्तर आले, हो, फक्त तपासणी. बघा, ‘ओन्ली’च्या पुढे ‘अ’ राहिला होता, आणि काहीही बिघडले नाही.

दुखणे निघाले अक्कलदाढेचे. अर्धवट वर आलेली दाढ, तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकून झालेला संसर्ग. स्वच्छ करून दिले, पेनिसिलिनच्या कुळाबाहेरचे औषध दिले, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. म्हणजे तिच्या आजीने सांगितले असते तेच, वर औषध.

आता एक गोष्ट इथल्यांसाठी. हा लेख वाचून कुणी पुण्या-नागपुरातल्या मराठी डॉक्टरला इंग्रजीत मेसेज पाठवायला घेईल, तर त्याला आमचा मुद्दा कळला नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. केस पेपर काढा आणि आपल्या मराठीत, आपल्या बोलीत, ठणकते की कळ मारते ते नीट सांगा. समोरचा शिकाऊ डॉक्टर कागदावर इंग्रजीत काय लिहितो ते विचारा, आणि ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणाला तर पुन्हा विचारा. जिथे मराठी चालते तिथे इंग्रजी फेकणे हा आपल्याला लागलेला दुसरा रोग आहे, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

आमच्या अभ्यासिकेत रविवारच्या इंग्रजीच्या वर्गात यापुढे रजेचा अर्ज शिकवला जाणार नाही असे ठरले आहे. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःचे एक खरे काम आणायचे. डॉक्टर, घरमालक, बँक, पोलीस ठाणे, काहीही. आधी मराठीत सांगायचे, इतरांनी प्रश्न विचारायचे, काय राहिले ते शोधायचे, मग इंग्रजी. स्पेलिंग सगळ्यांत शेवटी. हसून लोळणारी तोंडे ग्रुपवर बंद, या ठरावाला त्या पठ्ठ्यानेच अनुमोदन दिले. दुसरा मित्र अजून नाराज आहे. त्याच्या मते आम्ही साहेबाच्या भाषेपुढे मान तुकवली. येत्या रविवारी तो आपले म्हणणे मांडणार आहे, आम्ही ऐकू.

मुलीची दुसरी तपासणी नंतरच्या महिन्यात होती आणि त्याच दिवशी तिचा पेपर निघाला. यावेळी तिने ग्रुपवर काही विचारले नाही. क्लिनिकला थेट लिहिले, ‘आय हॅव ॲन एक्झाम ऑन दॅट डे. कॅन यू प्रीपोन माय अपॉइंटमेंट?’ पलीकडून उत्तर आले, ‘डू यू मीन ब्रिंग इट फॉरवर्ड?’ तिने लिहिले, ‘येस. इन इंडिया वी से प्रीपोन.’ पलीकडच्या बाईंनी आधीच्या मंगळवारची वेळ दिली आणि शब्द आवडल्याचे कळवले.